आरशाआधी बैठक : गाण्या-वाजवण्यासाठी मंचावरचे कपडे ठरवताना

पहिला कार्यक्रम ठरला की घरात कपाट उघडतं. आई तिचा लग्नातला शालू काढते, मावशी पैठणी घेऊन येते, मित्र म्हणतो काळा कुर्ता घाल, फोटो झकास येतात. कार्यक्रमाला दोन दिवस उरलेले असतात, आणि ज्याला गायचं आहे तो गोंधळून माझ्याकडे येतो. माझ्याकडे सुगम संगीत शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी बरीच वर्षं हे तुकड्या-तुकड्यांनी सांगत आले. कोणाला ब्लाउजबद्दल, कोणाला फेट्याबद्दल, कोणाला नुसतं ‘बांगड्या काढ’ एवढंच. आता सगळं एका जागी लिहून ठेवते.

माझं म्हणणं एकच आहे. कपडे ठरवताना आधी गळ्याला आणि हाताला विचारायचं, मग बैठकीला, मग जागेला आणि दिव्यांना. आरशाचा नंबर सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. आरशासमोर उभं राहून कपडे ठरवतो आणि मंचावर मांडी घातल्यावर कळतं, की श्वास अर्ध्यावर अडतोय.

आधी हे समजून घ्या : कलाकार ठरावीक कपडे का निवडतात

शिवजयंतीला पेठेत पोवाडा ऐकला असेल, तर शाहीर डोळ्यांसमोर आणा. अंगरखा, कमरेला शेला, डोक्याला फेटा, हातात डफ. मागे तुणतुणं आणि झांज घेऊन झीलकरी. चौकात हजार माणूस उभा असतो, शेवटच्या माणसाला शाहिराचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसतो फेट्याचा तुरा आणि वर उचललेला हात. तेवढ्यावर त्याला कळतं, की आता पोवाड्यातला चौक, म्हणजे कडवं, संपलं आणि झील, म्हणजे साथीदारांनी धरायची ओळ, उचलायची आहे. म्हणजे तो फेटा शोभेचा असला तरी कामाचाही आहे. वारकरी भजनात याच्या बरोबर उलट असतं. पांढरं धोतर, पांढरी बंडी, टोपी, गळ्यात तुळशीची माळ. टाळ धरलेली सगळी मंडळी एकसारखी दिसतात, कारण तिथं कोणी एकानं उठून दिसायचं नसतंच. एकाच गावात, एकाच आठवड्यात हे दोन्ही बघायला मिळतं. दोघांचेही कपडे त्यांच्या संगीतानं ठरवले आहेत.

मोठ्या कलाकारांच्या कपड्यांमागे जाऊन पाहिलं, तर प्रत्येकाचं कारण निराळं सापडतं. लता मंगेशकर मंचावर पांढऱ्या, रंगीत काठाच्या साडीत उभ्या राहिल्या, आणि ती साडी त्यांच्या आवाजाइतकीच ओळखीची झाली. एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या कांजीवरमचा एक निळा रंग तर दक्षिणेत ‘एमएस ब्लू’ या नावानंच विकला जातो. उषा उत्थुप नाइट क्लबमध्ये पाश्चात्त्य गाणी गायच्या, तिथं सगळे गाऊन घालून येत असताना त्या कांजीवरम नेसून, मोठं कुंकू लावून उभ्या राहिल्या. बीटल्स आधी चामडी जॅकेटं घालून वाजवायचे. त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी 1962 च्या सुमारास त्यांना एकसारखे सूट शिवायला लावले, कारण मोठ्या सभागृहांची आणि टीव्हीची दारं त्यांना उघडायची होती. अमेरिकेतला गायक जॉनी कॅश याचं उदाहरण मी नव्या ग्रुपना आवर्जून सांगते. त्याचे काळे कपडे पुढं फार गाजले, पण सुरुवातीला त्याच्या आणि साथीदारांच्या घरात सगळ्यांकडे असलेला एकच रंग काळा होता. पैसे नसताना एकसारखं दिसायचं तर जे आहे त्यातूनच जमवायचं, एवढंच त्यामागे होतं.

कोल्हापूरकराला तर हे सांगायलाही नको. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, संगीत नाटकांच्या काळातलं. केशवराव भोसले इथलेच. 1908 मध्ये त्यांनी ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली. त्या काळात गाणारा नट पात्राच्या वेषात गायचा, वेष आणि पद वेगळं काढताच येत नव्हतं. बालगंधर्व स्त्रीभूमिकेत गायचे तेव्हा त्यांचं नेसणं आणि दागिने बघायला बायका नाटकाला जायच्या आणि घरी तसं नेसायच्या. ऑगस्ट 2024 मध्ये ते नाट्यगृह आगीत जळालं, त्या रात्री शहरातली किती माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. त्या मंचावर पहिल्यांदा उभं राहताना कुणी कुठली साडी नेसली होती, हे बायकांना वीस वर्षांनीही आठवतं. मला माझी डाळिंबी रंगाची आठवते.

आता पायऱ्या.

पहिली पायरी : काय गाणार-वाजवणार ते कागदावर लिहा

कागदावर तीन गोष्टी लिहा. प्रकार कोणता, बसून की उभं राहून, आणि हातात काय असेल. एवढ्यावर निम्मे कपडे आपोआप ठरतात.

देवल क्लबात, म्हणजे कोल्हापूरच्या जुन्या संगीत संस्थेत, ख्याल गायचा असेल तर साधा, ढिला सुती किंवा तसरचा कुर्ता, खाली लेंगा किंवा धोतर. मुलींना काठपदराची हलकी साडी. 1883 पासून गाणं ऐकत आलेली ती जागा आहे, तिथला श्रोता पहिल्या षड्जाला तुम्हाला ओळखतो, कपड्यांनी त्याच्यावर छाप पाडायला जाऊ नका. भावगीतांच्या कार्यक्रमात रंग चालतो. ऑर्केस्ट्रात चमक चालते, किंबहुना लागते, कारण तिथं गाण्याबरोबर बघण्याचाही कार्यक्रम असतो. पोवाड्याला अंगरखा आणि फेटा. लावणीला नऊवारी. देवळातल्या भजनाला पांढरं किंवा भगवं, आणि दागिने कमीत कमी.

फ्यूजन बँडवाली मुलं मला विचारतात, आम्ही काय घालायचं? त्यांना मी सांगते, तुमच्यात जो सगळ्यात जुना वाद्यप्रकार आहे त्याच्या जवळ जा. ढोलकीवाला आणि गिटारवाला शेजारी असतील, तर दोघांना चालेल असा खादीचा आखूड कुर्ता आणि जीन्स. उगाच गिटारवाल्याला धोतर नेसवू नका, त्याचं अर्ध लक्ष सोग्याकडे राहतं.

दुसरी पायरी : श्वास भरून माप द्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथं जरा थांबते.

शाहूपुरीतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे मी पहिल्यांदा गाण्याच्या कार्यक्रमासाठी ब्लाउज शिवायला टाकला. टेप घेऊन ते पुढं आले आणि मी सवयीनं पोट आत घेऊन ताठ उभी राहिले. त्यांनी टेप खाली घेतली. म्हणाले, “ताई, तुमी गाताय न्हवं? मग गाताना कसं उभं ऱ्हाता तसं उभं ऱ्हावा. आन् श्वास भरून घ्या. मग माप घेतो.” मी श्वास भरला. त्यांनी छातीखाली, बरगड्यांच्या खालच्या कडेला टेप लावली, दोन बोटं आत घातली आणि माप लिहून घेतलं. मग म्हणाले, “आता सोडा.” टेप सैल पडली. किती सैल पडली ते त्यांनी मला दाखवलं. जवळजवळ दीड इंचाचा फरक होता. तो दीड इंच आपण एरवी रिकाम्या श्वासावर माप देऊन घालवतो आणि मग मंचावर लांब आलाप घेताना हुक टोचायला लागतात.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलीला हेच सांगते. ब्लाउज, चोळी, कुर्ता, शेरवानी, जॅकेट, काहीही शिवायचं असो, श्वास भरून माप द्या. नेहमीच्या शिंप्याला आधीच सांगा की गायचं आहे. ब्लाउजच्या शिवणीत आत अर्धा-पाऊण इंच जास्तीचं कापड ठेवायला सांगा, म्हणजे नंतर उसवून ढिलं करता येतं. गळा फार मिटलेला नको. बंद गळ्याची शेरवानी दिसायला राजबिंडी दिसते, पण कॉलरचा हुक कंठाच्या बरोबर वर येत असेल तर तार सप्तकात मान वर जाताना तो घशाला दाबतो. हुक एक बोट खाली घ्या, नाहीतर मंचावर बसल्यावर उघडा ठेवा. कुणाला दिसत नाही.

लेंग्याची आणि परकराची नाडीही याच हिशेबात येते. उभं राहून बांधलेली नाडी मांडी घातल्यावर काचते. बसा, श्वास भरा, मग गाठ मारा. गाठ पोटाच्या मध्यावर नको, कुशीला घ्या.

हात वर करणाऱ्यांचं दुखणं काखेत असतं. शाहिराचा डफाचा हात सारखा वर जातो. काखेत चौकोनी तुकडा जोडून शिवलेला जुन्या पद्धतीचा अंगरखा हात वर केला तरी अंगावरून उचलला जात नाही. तयार मिळणाऱ्या अंगरख्यांत तो तुकडा बहुतेक वेळा नसतो, हात वर गेला की सगळा अंगरखा कमरेवर चढतो. तयार घेणार असाल तर दुकानातच दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा.

तिसरी पायरी : वाद्याला विचारा

तबलेवाल्यांनी अंगठ्या काढायच्या आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडून पिन करायच्या, किंवा मुळातच आखूड बाहीचा कुर्ता शिवायचा. लांब बाही डग्ग्याच्या मैदानावर, म्हणजे काठ आणि शाई यांच्यामधल्या चामड्यावर, घासते आणि घुमारा मरतो. पेटीवाल्यांनी भात्याच्या हाताकडे बघावं, घड्याळ आणि कडं पेटीच्या लाकडावर आपटतं आणि तो ‘टक’ आवाज पेटीसमोरच्या माइकात थेट जातो.

सतारवाल्यांना रेशमी कपडा वैरी. सतारीचा भोपळा पायाशी टेकवून धरायचा असतो, सिल्कच्या लेंग्यावरून तो सरकतो आणि मग वादक सतार सांभाळण्यातच दमतो. सुती लेंगा घाला, किंवा पायावर रबराचा छोटा जाळीदार तुकडा ठेवा, अनेक वादक ठेवतात. हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन वाजवणारा मांडी घालून व्हायोलिनचं टोक उजव्या घोट्यावर टेकवतो, म्हणून घोट्याजवळ जर, टिकल्या, जाड गोट काही नको. गिटारवाल्यांनो, पट्ट्याचं बक्कल एका बाजूला सरकवा, नाहीतर गिटारची पाठ ओरखड्यांनी भरेल. कीबोर्डवाल्यानं उपरणं घेऊ नये, खाली वाकलं की ते पट्ट्यांवर पडतं.

आपल्या भागात हलगी, घुमकं वाजवणारी मंडळी खूप. चामड्याची हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकून ताणून घ्यायची असते, तेव्हा नायलॉनचा, पॉलिस्टरचा झगझगीत ड्रेस घालून जाळाजवळ बसू नका. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं, नायलॉन मात्र वितळून अंगाला चिकटतं. हेच समईजवळही लागू आहे. दीपप्रज्वलन करताना जॉर्जेटची ओढणी किंवा पदर डाव्या हातात घट्ट धरून पुढं वाका.

आणि तानपुरा घेऊन बसणाऱ्या मुलींनो, बांगड्या. भोपळ्यावर बांगडी घासली की जो आवाज होतो तो सभागृहभर जातो. माझ्या पहिल्या नवरात्राच्या कार्यक्रमात हे माझ्याच हातून झालं. हौसेनं दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या भरलेल्या, आणि साडी नवी कोरी, खळ न काढलेली. आलापात हात जरा उचलला की आधी साडी खळखळायची, मग बांगड्या वाजायच्या. मंचावर मला ते ऐकूच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकलं तर माझ्या सुरापेक्षा साडीच जास्त ऐकू येत होती. तेव्हापासून नवीन साडी मी कार्यक्रमाआधी एकदा घरी पूर्ण दिवस नेसते. कापड मऊ होतं आणि निऱ्या कुठं सुटतात तेही कळतं. बांगड्यांची हौस असेल तर मनगटावर एकेक सोन्याची किंवा लाखेची ठेवा, बांगडी आणि मनगट यांच्यामध्ये मोकळी जागा राहू देऊ नका.

चौथी पायरी : मांडी घालून अर्धा तास बसा

घरात जमिनीवर सतरंजी घाला आणि ठरवलेल्या कपड्यांत अर्धा तास खरंच गा. नुसतं बसायचं नाही, गायचं. कुर्ता गुडघ्याच्या खाली जात असेल तर मांडी घालताना तो बुडाखाली अडकतो आणि गळा मागं ओढला जातो. बाजूच्या चिरा कमरेपर्यंत घ्यायला सांगा. साडीची लांबी उभं राहून ठरवतो तेव्हा घोट्यापर्यंत आलेली साडी मांडी घातल्यावर पोटऱ्यांपर्यंत वर जाते. मंच तीन-चार फूट उंच असतो, पहिल्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आपले पाय येतात. म्हणून पाय स्वच्छ, नखं कापलेली, तळव्यांना खोबरेल तेल आदल्या रात्री. काही जण मोजे घालतात, थंडीत ते योग्यच, पण कुर्त्याच्या रंगाशी जुळणारे.

पदर पिनेनं खांद्याला लावा आणि दुसरी पिन कमरेच्या मागं. हात मोकळा राहतो. पिन ब्लाउजच्या अस्तरातून जाऊ द्या, नुसत्या वरच्या कापडाला लावली तर साडीची जर ओढली जाते.

पाचवी पायरी : जागा, दिवे, ऋतू

दिव्यांबद्दल एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. पांढऱ्या कापडावर जो रंग पडेल तो रंग ते घेतं, लाल दिव्यात तुम्ही गुलाबी दिसाल, निळ्यात फिक्या निळ्या. हिरवी साडी लाल दिव्यात जवळजवळ काळी दिसते, केशरी कुर्ता निळ्या दिव्यात मातकट होतो. मागचा पडदा काळा असेल तर काळे कपडे घातलेल्या माणसाचा नुसता चेहरा आणि हात हवेत तरंगल्यासारखे दिसतात. काही बँड हे मुद्दाम करतात, तुम्ही नकळत करू नका. बारीक रेघांचा आणि बारीक चौकटींचा कपडा मोबाईलच्या चित्रीकरणात थरथरतो. अगदी पांढराशुभ्र कुर्ता कॅमेऱ्याला इतका उजळ वाटतो की चेहरा काळवंडतो, त्याऐवजी मोतिया किंवा हस्तिदंती घ्या. मंचावर सगळ्यात भरवशाचे रंग मला वाटतात ते डाळिंबी, मोरपंखी, वांगी, चिंतामणी आणि गडद मोहरी. बहुतेक दिव्यांत ते रंग टिकतात आणि सावळ्या-गोऱ्या दोन्ही चेहऱ्यांना शोभतात. पेस्टल रंग हल्ली फार चालतात, पण मंचावर ते धुवून निघाल्यासारखे दिसतात.

शक्य असेल तर आयोजकाला आधी फोन करून दोनच प्रश्न विचारा. मागचा पडदा कुठल्या रंगाचा, आणि बैठक जमिनीवर की खुर्चीवर. विचारायला लाजू नका, चांगल्या आयोजकाला हे प्रश्न ऐकून बरंच वाटतं.

कोल्हापूरचा ऋतू हा वेगळा विषय आहे. गणपतीत पाऊस असतो, मंडप गळतो, चिखल असतो. उभं राहून गायचं तर साडी दोन बोटं वर नेसा आणि लवकर वाळेल असं मिश्र सुती कापड घ्या. आणि एक गोष्ट जिवाशी येते म्हणून सांगते. ओल्या मंचावर अनवाणी उभं राहून धातूचा माइक हातात धरू नका. मंडपातलं अर्थिंग नीट नसेल तर शॉक बसतो. कोरडी सतरंजी किंवा रबरी मॅट मागून घ्या, देवाच्या कार्यक्रमात पादत्राणं नको असतील तर मॅट तरी हवीच. दिवाळी पहाट पाचला सुरू होते. गारठा, दव, आणि गळा अजून उठलेला नसतो. आत एक सुती बनियन किंवा पातळ थर्मल घाला, खांद्यावर शाल ठेवा, ती पहिल्या दोन गाण्यांनंतर उतरवली तरी चालते. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट. तेव्हा सिल्क, वेल्वेट, अस्तर लावलेली जॅकेटं सगळं कपाटात. आपल्या शेजारी इचलकरंजी आहे, उत्तम सुती कापड आपल्या दारात विणलं जातं. त्याचे कुर्ते शिवा. घाम येणारच, पण तो कापड पिऊन घेतं. सिल्कवर काखेतल्या घामाचा डाग पुढच्या रांगेतूनही दिसतो.

अंबाबाईच्या देवळात नवरात्रात गायचं असेल, तर ही जागा मंच असण्याआधी देऊळ आहे हे ध्यानात ठेवून कपडे निवडा. खांदे झाकलेले, चामड्याचा पट्टा नको, आणि साजशृंगार माफक. कोल्हापुरी साज गळ्यात घालायचा असेल तर मी स्वतः आनंदानं सांगेन की घाला, तो इथलाच आहे. फक्त साजाचे मणी क्लिपच्या माइकवर आपटणार नाहीत एवढं बघा.

सहावी पायरी : फेटा

फेट्याला वेगळी पायरी देते, कारण तो नीट बांधला नाही तर गाणं बेसूर होतं. हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही. आठ-नऊ मीटर कापड डोक्याभोवती घट्ट फिरलं आणि दोन्ही कान झाकले गेले, की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कवटीतून घुमल्यासारखा ऐकू येतो आणि पेटी लांबून. मग तो जोर लावतो, आणि सूर चढतो किंवा उतरतो. बांधणाऱ्याला आधीच सांगा, कान मोकळे ठेव. निदान मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, ज्या बाजूला असेल त्या बाजूचा कान पूर्ण उघडा. कापड मलमलचं, पातळ. कडक खळीच्या तयार फेट्यानं तासाभरात कपाळ ठणकतं.

फेटा कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी बांधा, मग साउंड चेक करा. साउंड चेक करून मग फेटा बांधला, तर मघाशी लावलेला मॉनिटरचा आवाज आता पुरत नाही.

सातवी पायरी : ग्रुप असेल तर

सगळ्यांना एकसारखा ड्रेस हा पहिला मोह असतो. त्यापेक्षा रंगांची एक जोडी ठरवा. गाणारे गडद, साथीदार फिके, किंवा उलट. एकाच थानातलं कापड घेऊन प्रत्येकानं आपल्या अंगाला शोभेल तसं शिवलं, तरी ग्रुप एक दिसतो आणि जाडा-बारीक सगळ्यांना आराम पडतो. महाद्वार रोडला किंवा लक्ष्मीपुरीत एकदमच कापड घ्या, आठवड्यानं परत गेलात तर त्याच रंगाचं पुढचं थान जरा वेगळं निघतं. शिवायच्या आधी कापड पाण्यातून काढा. सुती कापड आटतं, आणि कार्यक्रमानंतरच्या पहिल्या धुण्यात निम्म्या ग्रुपचे कुर्ते आखूड होतात.

खर्चाचा विचार असेल तर जॉनी कॅशची युक्ती करा. सगळ्यांच्या घरात काय आहे ते विचारा. पांढरा सुती सदरा बहुतेकांकडे असतोच, त्यावर एकसारखं उपरणं घेतलं की काम झालं. साथीदारांना कपड्यांचा खर्च स्वतः करायला लावू नका. तबलेवाला त्या महिन्यात सहा ग्रुपबरोबर वाजवतो, प्रत्येकाचा वेगळा ड्रेस तो कुठून आणणार? रंग सांगा, कापड तुम्ही द्या.

ड्रेपरी, म्हणजे मंचावरचे कपडे, भाड्यानं आणणार असाल तर आदल्या दिवशी आणा आणि उन्हात दोन तास टाका. घामाचा आणि डांबरगोळ्यांचा वास गाणाऱ्याच्या नाकात बसतो आणि पहिलीच तान ठसक्यानं तुटते. हुक मोजा, बटणं ओढून बघा, बाहीची लांबी बघा. एका संस्थेच्या कार्यक्रमात आमच्या पोवाड्याच्या चमूला आलेले सहाही अंगरखे एकाच मापाचे होते. आमचा डफवाला सहा फुटांचा. त्यानं तो कार्यक्रम हात कोपरात दुमडून काढला, आणि डफ जितका खुलायला हवा होता तितका त्या दिवशी खुलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरची ती चडफड मी अजून विसरले नाही.

आठवी पायरी : माइक कुठं लागणार

कॉलरला किंवा कानामागून माइक लावणार असतील तर त्याची छोटी पेटी कमरेला अडकवायची असते. साडीत ती परकराच्या नाडीला मागच्या बाजूला लागते, म्हणून नाडी मजबूत हवी. अनारकलीसारखा एकसंध ड्रेस असेल तर पेटी अडकवायला जागाच नसते, शिंप्याकडून आत पाठीकडे छोटा खिसा करून घ्या. क्लिपचा माइक लावतात तिथं जर, टिकल्या, ओढणी काही नको. मोकळे केस त्या बाजूला येऊ देऊ नका. साउंडवाल्या दादांना अर्धा तास आधी भेटा आणि आपण काय घालणार ते दाखवा. ते मनापासून मदत करतात, फक्त त्यांना ऐन वेळी कुणी सांगितलेलं नको असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी

कपडे घरून घालून निघू नका. स्कूटरवरून रंकाळ्याच्या वाऱ्यात निऱ्या विस्कटतात, एसटीत कुर्ता चुरगळतो. तिथं जाऊन बदला. खाणं आधी, कपडे नंतर. मिसळ खाऊन मंचावर जायची सवय असलेली माणसं मला माहीत आहेत, त्यांनी तरी हे नक्की पाळावं, कटाचा डाग मोतिया कुर्त्यावरून जात नाही.

पिशवीत माझ्याकडे नेहमी असतं ते सांगते. दहा-बारा सेफ्टी पिना, सुईत ओवून ठेवलेला काळा आणि पांढरा दोरा, एक जास्तीची नाडी आणि ती ओवायला मोठी पिन, छोटा सुती टॉवेल, टाल्कम पावडर, डोकेदुखीची गोळी, आणि एक पूर्ण साधा सुती जोड. हा साधा जोड आजवर मला दोनदा लागला. दोन्ही वेळा नेसलेल्या साडीवर कुणाच्या तरी हातून चहा सांडला होता. साध्या सुती साडीत मी गायले आणि कार्यक्रम उत्तम झाला.

विंगेत गेल्यावर एकदा पूर्ण श्वास भरा. कुठं अडतंय का बघा. अडत असेल तर तिथंच एक हुक काढा, एक पिन सैल करा. आत्ता दोन सेकंदांचं काम आहे.

घरी आल्यावर कपडे लगेच घडी करून ठेवू नका, घाम पूर्ण वाळू द्या. जरीची साडी धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. फेटा उलगडून दोरीवर टाका. आणि एक वही करा. माझ्या वहीत डावीकडे तारीख, जागा, पडद्याचा रंग आणि दिवे, उजवीकडे काय नेसले आणि काय त्रास झाला एवढंच असतं. ‘शाहू स्मारक, निळा पडदा, वांगी इरकल, डावी बाही घट्ट’ अशी एखादी ओळ. पुढच्या वेळी त्याच सभागृहाचं बोलावणं आलं, की मी कपाट उघडायच्या आधी ती वही उघडते.